नव्या शहराची वीज संध्याकाळी मोजावी

12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि उरण, पनवेल, पेणची गावं मुंबईच्या दाराशी आली. त्याच वर्षी इथल्या 124 गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. म्हणजे इथे नवं शहर उभं राहणार. इमारत एकदा उभी राहिली की तिला किती वीज लागणार, हे कित्येक दशकांसाठी ठरून जातं. म्हणून विजेचं नियोजन बांधकामाच्या आधी व्हायला हवं. ते कसं करतात, हे क्रमाने पाहू.

सुरुवात मागणीपासून. वर्षाला किती युनिट लागतील एवढं कळून भागत नाही, कोणत्या तासाला किती लागतील हे मांडावं लागतं. वस्तीच्या शहरात कसोटीची वेळ संध्याकाळची. माणसं घरी परततात. दिवे, पंखे, एसी, लिफ्ट सगळं एकदम सुरू होतं. उपकेंद्रं, रोहित्रं आणि केबल यांची क्षमता या गर्दीच्या तासावरून ठरते. तो भार कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग नकाशातच असतो. कोकणच्या दमट हवेत समोरासमोर खिडक्या असल्या, पश्चिमेच्या भिंतीवर सावली असली, तर एसी कमी चालतो. टाक्या भरणारे पंप दुपारी चालवले, तर संध्याकाळी तेवढी वीज मोकळी राहते.

मग छपरं मोजायची. एक किलोवॉटच्या सौर पॅनेलला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. गावातल्या बैठ्या घराला तीन किलोवॉट सहज पुरतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्यासाठी 78,000 रुपयांपर्यंत अनुदानही आहे. आता वीस मजली, ऐंशी घरांची इमारत घ्या. गच्चीवर चारशे चौरस मीटर मोकळे मिळाले, तरी चाळीस किलोवॉट बसतील. म्हणजे घरटी रोज दोन युनिट. तेवढ्यात एसी असलेलं घर चालत नाही. शहर जितकं उंच, तितकं ते बाहेरच्या विजेवर अवलंबून, हे मजल्यांची परवानगी देतानाच लक्षात घ्यावं लागेल.

बाहेरून दुपारी मुबलक सौर वीज येईल, पण ती संध्याकाळपर्यंत टिकवायची कशी? याचं उत्तर या गावांच्या रायगड जिल्ह्यातच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते पायथ्याशी सोडायचं, या तत्त्वावर टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र 1915 मध्ये आणि भिऱ्याचं 1927 मध्ये सुरू झालं. भिऱ्यात पुढे 150 मेगावॉटचा उदंचन संच बसला. मागणी कमी असते तेव्हा तो खालचं पाणी पुन्हा मुळशीच्या तलावात चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं की एका युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. चढवायला लागलेल्या विजेतला साधारण पाचवा हिस्सा या फेऱ्यात खर्च होतो. तरीही संध्याकाळची वीज म्हणून हा सौदा परवडतो. भिवपुरीला असाच 1000 मेगावॉटचा प्रकल्प करण्याचा करार टाटा पॉवरने 2023 मध्ये राज्य सरकारशी केला आहे.

शेवटी वीज घरापर्यंत नेणं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबागचे खांब आडवे केले आणि कित्येक गावं आठवड्यांमागून आठवडे अंधारात राहिली. किनाऱ्यावर भूमिगत केबल हवी. ती महाग पडते, बिघाड शोधायला वेळ लागतो. म्हणून एका भागाला दोन बाजूंनी पुरवठा ठेवावा. उरण-पेणच्या खारभूमीवर उपकेंद्रं भरतीच्या आणि पुराच्या पातळीहून उंच जोत्यावर बांधावीत. सौर पॅनेलच्या सांगाड्यालाही खारी हवा सोसेल असं गॅल्व्हनाइझिंग हवं.

आणखी एक हिशेब आराखड्यात असायलाच हवा, जमिनीचा. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्यांचे नेते सेनापती बापट यांनी तुरुंगवास सोसला. मुंबईच्या विजेसाठी कुणाची तरी शेतं पाण्याखाली गेली. आज नव्या शहरासाठी शेतकऱ्यांच्याच जमिनी लागणार आहेत. वाचवलेल्या प्रत्येक मेगावॉटसोबत जमीनही वाचते. म्हणून इमारतीला परवानगी देण्याआधी तिचा संध्याकाळचा भार किती आणि तो कुठून भागणार, हे लेखी मागावं. त्या कागदाशिवाय पायाही खणू देऊ नये.