युद्धपट आणि प्रेक्षकाची अनुमोदना

चित्रपट आणि युद्ध यांचे नाते केवळ कथानकापुरते नसते. ते मालाच्या पुरवठ्याचेही असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटाची कच्ची फिल्म परदेशातून येत असे. सागरी वाहतूक संकटात सापडताच तिची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारने तिच्या वाटपावर नियंत्रण आणले. चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे दोन तासांपर्यंत, मर्यादित झाली. निर्मात्यास परवाना आवश्यक ठरला आणि प्रत्येक खेळात सरकारमान्य प्रचारपट दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक झाले. त्याच वर्षी, ज्यांचे बालपण आपल्या रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कापड, साखर आणि धान्य यांवरील नियंत्रणांच्या आठवणी आपल्या पेढ्यांवरील वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकल्या असतील. परवान्यामागे परवाना देणाऱ्याची अपेक्षाही येते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. येथे अपेक्षा अशी होती की, निर्मात्याने युद्धकार्यास पूरक असा चित्रपट काढावा.

ही अपेक्षा व्ही. शांताराम यांच्यापुढेही होती. कोल्हापूरच्या या दिग्दर्शकाचे वडील जैन होते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. प्रभात सोडून १९४२ साली परळ येथे राजकमल कलामंदिर स्थापन केल्यावर त्यांनी युद्धाचा विषय निवडला तो असा, की ज्याचा नायक बंदूक चालवीत नाही. हा चित्रपट म्हणजे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’.

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनला साहाय्य म्हणून काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि हे तरुण कोटणीस होते. इतर सहकारी कालांतराने परतले; कोटणीस तेथेच राहिले. १९४१ साली ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच वर्षी तेथील परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढील वर्षी पुत्र झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून हा चित्रपट निघाला. स्वतः शांताराम यांनी कोटणीसांची आणि जयश्री यांनी त्यांच्या पत्नीची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. परवान्याच्या दृष्टीने तो जपानविरोधी युद्धपट होता. परंतु काँग्रेसने पाठविलेल्या एका राष्ट्रसेवकाची गाथाही त्यातून पडद्यावर आली. १९४६ साली तो प्रदर्शित झाला, तेव्हा महायुद्ध संपलेले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्यक्षात कोटणीसांना श्रम आणि व्याधी यांनी नेले. चित्रपटात मात्र जपानी तुकडीच्या हाती सापडणे, तेथून सुटणे आणि ज्या साथीवर त्यांनी उपाय शोधला तिनेच त्यांचा बळी घेणे, असा नाट्यमय शेवट रचला गेला. इतक्या सात्त्विक विषयातसुद्धा सत्य पडद्याला पुरेसे वाटले नाही. मग जेथे नायकाच्या हाती शस्त्र असते, तेथे किती भर पडत असेल, याचा विचार प्रेक्षकाने करावा.

आपल्या श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थास संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य आहे. आक्रमणाच्या प्रतिकारात घडणारी विरोधी हिंसा तो पूर्णतः टाळू शकत नाही. सीमेवरील जवानाचे कर्तव्य या दुसऱ्या कोटीत येते आणि त्याच्याविषयी कृतज्ञता हवीच. परंतु शास्त्रकार कृत आणि कारित यांच्याबरोबर अनुमोदितही मोजतात. ‘बॉर्डर’ (१९९७) असो वा ‘उरी’ (२०१९), शौर्य पाहून डोळे पाणावणे निराळे आणि शत्रूच्या देहाच्या चिंधड्या पाहून टाळ्या पिटणे निराळे. पहिल्यात त्यागाचा आदर आहे. दुसऱ्यात हिंसेची अनुमोदना आहे. जवानाला जे नाइलाजाने करावे लागते, त्याचा आनंद आपण वातानुकूलित गृहात बसून, तिकीट काढून घेतो.

हा प्रश्न आज घरातला आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून निघालेला कामगार आणि आपल्या दुकानात बसलेला नातू, दोघांच्याही हाती एकाच प्रकारची दृश्ये पोहोचतात. मुलांना युद्धपट पाहूच देऊ नयेत, असे माझे म्हणणे नाही; बंदीने उत्सुकता वाढते. त्यांच्याबरोबर बसून पाहावे आणि नंतर दोन प्रश्न विचारावेत: यातील जखमींचे पुढे काय झाले, आणि मेलेल्यांच्या घरी कोण होते? पडद्यावर ही बाजू बहुधा कोरी असते. चातुर्मासात पाठशाळेच्या एखाद्या रविवारी कोटणीसांचा चित्रपट दाखवून या प्रश्नांवर चर्चा घेता येईल. सोलापूरला जाणे झाले तर तेथील कोटणीस स्मारकही मुलांना अवश्य दाखवावे. जखमी सैनिकांची सेवा करणारा हा शल्यचिकित्सक आपल्याच महाराष्ट्रातील एका घरातून तिकडे गेला होता, हे त्यांना कळायला हवे.