बोलणारे मिळाले, आता ऐकणारे हवेत

बेळगावच्या खासबागेत माग सुरू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. लहानपणापासून आम्ही एक तर ओरडून बोलतो, नाहीतर ओठांवरून ओळखतो. अशा गल्लीत मी फोन घेऊन माणसांचे आवाज गोळा करायला निघालो.

काम 'कॉमन व्हॉइस'चं. मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेला हा खुला प्रकल्प. पडद्यावर वाक्य येतं, ते वाचायचं. पाच झाली की पाठवायची. मग दुसरं कुणीतरी ती ऐकतं आणि बरोबर की चूक ते सांगतं. दोघांनी बरोबर म्हटलं की नोंद पक्की. या नोंदींवरून संगणकाला माणसाचं बोलणं ओळखायला शिकवतात, आणि हा साठा कुणीही फुकट वापरू शकतो.

'कुणीही' या शब्दावरच पहिल्यांदा गाडी अडली. शेजारचे अण्णा माग थांबवून म्हणाले, "कुणीही म्हणजे कंपनीसुद्धा? ते पैसे मिळवणार आणि तोंड आम्ही दुखवून घ्यायचं?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "होय अण्णा, कंपनीसुद्धा घेईल. पण मोठ्या कंपनीकडे तिचा साठा असतोच. आपल्या पोराला उद्या काही करायचं म्हटलं तर त्याच्याकडे काहीच नाही." अण्णांनी मान हलवली आणि माग चालू केला. असे दोन रविवार गेले. बाजार उरकून आलेल्या लोकांना मी परवाना आणि मुक्त सॉफ्टवेअर समजावत होतो. लोक मन लावून ऐकत, चहा देत, पण फोन कुणी हातात घेत नव्हतं.

तिढा सुटला तो कांड्या भरणाऱ्या एका अक्कांमुळे. त्यांनी दोन पुस्तकी वाक्यं वाचली आणि फोन परत दिला. "असं कोण बोलतंय गा?" तेव्हा कुठे मी त्यांना सांगितलं की वाक्यंसुद्धा आपण देऊ शकतो. अटी साध्या आहेत: पंधरापेक्षा कमी शब्द, आकडे अक्षरांत, आणि वाक्य स्वतःचं, कुठून उचललेलं नको. अक्कांचा हात कांडीवरच होता. म्हणाल्या, "लिही. कांडी संपली, माग थांबव की जरा." मी लिहून घेतलं. मागून सून बोलली, मग दारातला पोरगा. दिवेलागणीपर्यंत अकरा वाक्यं झाली, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःहून विचारलं, "माझं एक घेतोस काय?"

सुरुवातीला मी लाईट जायची वाट बघायचो, म्हणजे माग बंद पडतील. नंतर कळलं की शब्द स्पष्ट ऐकू येत असतील तर मागचा आवाज चालतो. मला तर वाटतं, तो असावाच. गोंगाटात बोलणाऱ्यांचं बोलणं यंत्राला कळलं नाही, तर त्याचा आमच्या गल्लीला उपयोग काय?

खरं अवघड काम पुढेच आहे. बोलायला आता माणसं मिळतात, ऐकायला बसत नाहीत. कॉलेजातली एक मुलगी ऐकायला बसली होती, मी शेजारी होतो. पडद्यावर 'एक' होतं, आवाजात 'येक' आलं. तिचं बोट 'नाही'वर गेलं. "थांब," मी म्हटलं, "तुझी आजी काय म्हणते?" ती हसली. "येकच म्हणते की." शब्द चुकीचा वाचला तर नोंद बाद करायची, उच्चार आपल्या मुलखाचा असेल तर ठेवायची, असाच इथला नियम आहे. तिने पुन्हा ऐकलं आणि 'होय' दाबलं. हा निर्णय बेळगावचा कानच घेऊ शकतो.

"उद्या हे बंद पडलं तर?" असंही विचारतात, आणि भीती खोटी नाही. २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० माणसं कमी केली. बोलणं ओळखणारं तिचं 'डीपस्पीच' हे सॉफ्टवेअर नंतर मागे पडलं. पण तोवर गोळा झालेले आवाज खुले होते, म्हणून ते आजही वापरता येतात. मी हे लपवत नाही, आणि हे सांगायला लागल्यापासून लोक जास्त विश्वासाने बसतात.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. त्यातले थोडे कान हवेत. बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठेही असाल, आज रात्री जेवण झाल्यावर 'कॉमन व्हॉइस'वर पाच वाक्यं ऐका. 'येक' आलं तर 'होय' दाबा.