क्रमांक घसरतो तेव्हा
लेखमाला : माणूस, जनावर आणि मैदान (लेखांक ६)

शंकरपटाचा निकाल रिसोडच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. जी बैलजोडी कमी वेळात धाव संपवते, ती जिंकते. घोडेस्वारीतील इव्हेंटिंग हा प्रकार मात्र वेगळ्याच हिशोबावर चालतो. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन परीक्षा. ड्रेसाजमध्ये आखलेल्या मैदानात नेमून दिलेल्या चाली शांतपणे करून दाखवायच्या. क्रॉसकंट्रीत मोकळ्या रानातून ओंडके, चर आणि पाणी ओलांडत दौडायचे. शेवटच्या जंपिंगमध्ये हलक्या दांड्या न पाडता उड्या घ्यायच्या. गुण सगळे दंडाचे, म्हणजे ज्याचा दंड कमी तो वर. क्रॉसकंट्रीत ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर दर सेकंदाला ०.४ दंड, पण लवकर पोचल्याबद्दल काहीच मिळत नाही. अडथळ्यापुढे घोडा पहिल्यांदा अडला तर २०, तिथेच पुन्हा अडला तर ४०, आणि स्वार पडला तर थेट स्पर्धेबाहेर. जंपिंगमध्ये दांडी पडली की ४.

या खेळातील हौशी स्वाराची चढउतार आपण क्रमांकावरून मोजतो. ते माप चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. घोडा धडधाकट ठेवून पूर्ण केलेल्या स्पर्धा, हे खरे माप. कारण तिन्ही परीक्षा घोड्याला तीन दिशांना ओढतात. ड्रेसाजला हवा स्वाराच्या बारीकशा इशाऱ्यावर चालणारा घोडा, तर क्रॉसकंट्रीला अनोळखी खड्ड्यापुढे स्वतःच्या हिमतीवर झेप घेणारा. दौडीसाठी कसलेला घोडा ड्रेसाजच्या मैदानात उतावीळ होतो आणि दौडून थकलेला घोडा दुसऱ्या दिवशी पाय पुरेसे उचलत नाही. म्हणून एका अंगात सुधारणा झाली की दुसरे अंग काही काळ ढासळते. त्यात घोड्याने एकदा नकार दिला, तर तो दंड पाच दांड्या पाडण्याइतका किंवा ५० सेकंद उशिरा येण्याइतका भारी. नोकरी-धंदा सांभाळून एकाच घोड्यावर स्वारी करणाऱ्याचा क्रमांक वरखाली होणारच, आणि त्याची मांड किती पक्की आहे, हे त्यातून फारच थोडे कळते.

टोकियो ऑलिंपिकमधील फवाद मिर्झाची कामगिरी पाहा. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील इम्तियाज अनीस यांच्यानंतर दोन दशकांनी ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये उतरलेला हा भारतीय स्वार. सिन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर ड्रेसाजमध्ये दंड २८ आणि स्थान नववे. क्रॉसकंट्रीत घोडा कुठेही अडला नाही, पण २८ सेकंद उशीर झाला. दंड ११.२० ने वाढला आणि स्थान बाविसावे झाले. जंपिंगच्या पहिल्या फेरीत आणखी ८, स्थान पंचविसावे, म्हणजे अंतिम फेरीच्या अगदी उंबरठ्यावर. शेवटी तेविसावे. नुसते क्रमांक पाहिले तर ही घसरण वाटते. प्रत्यक्षात सर्वात अवघड टप्पा अडथळ्यांवरील एकाही दंडाशिवाय पार करून हीच जोडी अखेरपर्यंत टिकली होती.

यावर कोणी म्हणेल, ही हरणाऱ्याची समजूत झाली, क्रमांक नसेल तर खेळ कसला? पदकासाठी क्रमांक हवाच, यात वाद नाही. पण वरच्या पातळीवर जाण्याची पात्रता ठरवताना आंतरराष्ट्रीय महासंघही क्रमांक विचारत नाही. ड्रेसाजचा दंड ४५ च्या आत, क्रॉसकंट्रीत नकार नाही आणि उशीर ठरावीक मर्यादेत, जंपिंगमध्ये अडथळ्यांचा दंड १६ पर्यंत, एवढे जमले की स्वाराची ती स्पर्धा पात्रतेसाठी धरली जाते. मग तो पहिला आलेला असो की तिसावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घोड्याचे हित हेच माप असेल, तर हा धोक्याचा खेळ हवाच कशाला? त्याच टोकियोत क्रॉसकंट्रीत जायबंदी झालेल्या जेट सेट या स्विस घोड्याला दयामरण द्यावे लागले. जोराचा धक्का बसला की सुटणारे अडथळे आले, जंपिंगपूर्वी घोड्यांची तपासणी होते, तरी धोका संपलेला नाही. मात्र माप बदलले तर स्वाराचे वागणेही बदलते. क्रमांकामागे लागलेला स्वार दमलेल्या घोड्याला टाच मारतो. घोडा उद्याही चालला पाहिजे असे मानणारा स्वार लगाम खेचून माघार घेतो. गुणफलकावर ती माघार अपयश म्हणून लागते, पण निर्णय योग्य असतो.

हे माप मी बाहेरून लादत नाही, ते खेळाच्या मुळातच आहे. इव्हेंटिंग घोडदळाच्या कसोटीतून आले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यात फक्त लष्करी अधिकारी उतरले होते. शेजारच्या हिंगोलीत निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती, त्या काळात टिकाऊ घोडा ही घोडदळाची गरज होती. कष्टाच्या दौडीनंतर घोडा कामाचा राहिला आहे का, हे तपासायलाच शेवटची जंपिंग ठेवलेली असते. तेव्हा हौशी स्वाराने वर्षाअखेरीस ढाली मोजण्याआधी, किती स्पर्धांनंतर आपला घोडा दुसऱ्या सकाळी न लंगडता चालला, हे मोजावे. ती संख्या वाढत असेल, तर घसरलेल्या क्रमांकाचे दुःख करण्याचे कारण नाही.

(पुढील लेखांकात : रोगमुक्तीचे नियम आणि भारतीय घोड्यांची अडलेली परदेशवारी)