उत्तरेच्या भाषा (लेखांक ६) : क्रियापदाची दुसरी जागा

मागच्या लेखांकात आपण नामाच्या शेवटी चिकटणारं निश्चित उपपद पाहिलं. ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘हूसेत’ म्हणजे ते ठरावीक घर. आज नाम बाजूला ठेवून अख्ख्या वाक्याकडे वळू. आधी स्वीडिशमधली ही दोन वाक्यं पाहा.

आन्ना हार इन्ते सेत्त एरिक.
आन्ना हार एरिक इन्ते सेत्त.

दोन्हीकडे शब्द तेच आहेत. ‘हार’ हे सहायक क्रियापद, ‘इन्ते’ म्हणजे नाही, ‘सेत्त’ म्हणजे पाहिलेलं. पहिल्या वाक्याचा अर्थ, आन्नाने एरिकला पाहिलेलं नाही. दुसऱ्याचा अर्थ, आन्नाला एरिकने पाहिलेलं नाही. एरिक दोन शब्द पुढे सरकला आणि कर्माचा कर्ता झाला. दोन्ही वाक्यांत आन्ना पहिलीच आहे, तरी एकात ती पाहणारी आहे आणि दुसऱ्यात पाहिली जाणारी.

मराठीत हे काम ‘ने’ आणि ‘ला’ करतात, म्हणून आपण शब्द हवे तसे फिरवू शकतो. ‘एरिकने आन्नाला’ म्हणा नाहीतर ‘आन्नाला एरिकने’ म्हणा, कोणी कोणाला पाहिलं याबद्दल शंका राहत नाही. स्वीडिश, डॅनिश आणि प्रमाण नॉर्वेजियन या तिन्ही भाषांमधले नामांचे विभक्तिप्रत्यय कधीच झिजून गेले. मालकी दाखवणारा ‘स’ तेवढा उरला. सर्वनामांत मात्र ‘हान’ म्हणजे तो आणि ‘होनोम’ म्हणजे त्याला, असा भेद अजून शाबूत आहे. बाकी सगळा भार जागेवर पडतो. आपल्याला शाळेपासून इंग्रजीची सवय असल्यामुळे जागा म्हटलं की ‘आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म’ एवढंच डोळ्यांसमोर येतं. या भाषांची रचना तशी नाही, आणि ते नीट समजून घेतलं की त्यांच्या वाक्यरचनेचा निम्मा गुंता सुटतो.

नियम असा : विधान करणाऱ्या मुख्य वाक्यात काळ दाखवणारं क्रियापद दुसऱ्या जागेवर येतं. पहिल्या जागेवर काय ठेवायचं ते बोलणारा ठरवतो. तिथे कर्ता चालतो, कर्म चालतं, वेळ किंवा स्थळ चालतं, एखादं अख्खं उपवाक्यही चालतं. अट एकच, तिथे एकच घटक हवा. घटक म्हणजे एक शब्द नव्हे. ‘काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर’ एवढा लांबलचक मजकूरसुद्धा एकच घटक ठरतो आणि त्याच्या लगेच मागे क्रियापद यावं लागतं.

आन्नाने आज पुस्तक वाचलेलं नाही, हे वाक्य घेऊ. ‘बूकेन’ म्हणजे ते पुस्तक, ‘ई दाग’ म्हणजे आज, ‘लेस्त’ म्हणजे वाचलेलं.

आन्ना हार इन्ते लेस्त बूकेन ई दाग.
ई दाग हार आन्ना इन्ते लेस्त बूकेन.
बूकेन हार आन्ना इन्ते लेस्त ई दाग.

तिन्ही वाक्यं रोजच्या बोलण्यातली आहेत. पहिल्यात आन्नाबद्दल सांगायचंय, दुसऱ्यात आजच्या दिवसाबद्दल, तिसऱ्यात पुस्तकाबद्दल. ‘हार’ मात्र तिन्हीकडे दुसऱ्या जागेवर आहे. ‘ई दाग आन्ना हार…’ अशी सुरुवात केली की स्वीडिश कानाला ती लगेच खटकते, आणि नेमकी हीच सुरुवात मराठी माणसाच्या तोंडी येते. ‘आज आन्नाने’ ही आपली वळणं, इंग्रजीतही ‘टुडे’नंतर लगेच कर्ता. दोन्ही ओळखीच्या भाषा एकाच चुकीकडे ढकलतात. नोकरीनिमित्त स्टॉकहोम किंवा गोथेनबर्गला गेलेल्या मराठी लोकांना स्वीडिशच्या वर्गात पहिली ठेच बहुधा इथेच लागते.

त्या वर्गांत कर्ता पुढे असलेल्या रचनेला सरळ शब्दक्रम म्हणतात आणि क्रियापदानंतर कर्ता आला की उलटा शब्दक्रम. ही नावं जुनी आहेत, शिकवायलाही सोयीची वाटतात. तरी माझ्या मते ती शिकणाऱ्याला चुकीच्या वाटेवर नेतात. ‘उलटा’ म्हटलं की मूळ वाक्य कर्त्यापासून सुरू होतं आणि मग काहीतरी उलटापालट होते, असं चित्र मनात बसतं. प्रत्यक्षात उलटं काही झालेलं नसतं, क्रियापद जागचं हललेलं नसतं. आज-काल, इथे-तिथे अशा शब्दांनी सुरू होणारी वाक्यं बोलण्यात पावलोपावली येतात, त्यांना अपवादाच्या कोपऱ्यात का बसवायचं?

याहून चांगलं चित्र डॅनिश अभ्यासक पॉल डिडरिक्सन यांनी 1946 साली दिलं. ‘एलेमेंटेर डान्स्क ग्रामाटिक’ या त्यांच्या व्याकरणात वाक्याचा तक्ता आहे. त्याचे तीन भाग. पुढचं क्षेत्र, तिथे एकच घटक. मधलं क्षेत्र, त्यात क्रमाने काळ दाखवणारं क्रियापद, कर्ता आणि ‘नाही’सारखी क्रियाविशेषणं. मग शेवटचं क्षेत्र, त्यात उरलेलं क्रियापद, कर्म आणि वेळ-स्थळ दाखवणारे शब्द. प्रत्येकाला आपला रकाना आहे. एखादा घटक पुढच्या क्षेत्रात गेला की त्याचा मूळ रकाना रिकामा राहतो आणि बाकीचे आपापल्या जागी राहतात. 1999 साली चार खंडांत आलेलं स्वीडिश अकादमीचं मोठं व्याकरणही वाक्याची पुढचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन क्षेत्रंच करतं.

आता आन्ना आणि एरिक यांच्याकडे परत जाऊ. ‘आन्ना हार एरिक इन्ते सेत्त’ यात एरिक ‘हार’ आणि ‘इन्ते’ यांच्या मधे आहे, म्हणजे कर्त्याच्या रकान्यात. आन्नाला पुढे आणलंय एवढंच. ‘आन्ना हार इन्ते सेत्त एरिक’ यात कर्त्याचा रकाना रिकामा आणि एरिक शेवटच्या क्षेत्रात, म्हणून तो कर्म. साधा भूतकाळ घेऊन नकार काढून टाकला तर मात्र खूण पुसली जाते. ‘आन्ना सोग एरिक’, म्हणजे ‘आन्ना-पाहिलं-एरिक’. एरिकच्या आधी किंवा नंतर ‘इन्ते’ किंवा ‘सेत्त’ नसल्यामुळे तो कोणत्या रकान्यात आहे ते दिसत नाही. ऐकणारा सहसा आन्नालाच कर्ता धरतो, पण उलट अर्थही व्याकरणात बसतो. मग आघात आणि संदर्भ यांवर भिस्त.

पहिली जागा रिकामी ठेवली तर? तेव्हा वाक्याचा प्रकारच बदलतो. ‘दू कोम्मेर’ म्हणजे तू येतोस. ‘कोम्मेर दू?’ म्हणजे येतोस का? आपल्या ‘का’सारखा वेगळा शब्द लागत नाही, पुढची रिकामी जागाच प्रश्न विचारते. आज्ञार्थातही तसंच. आणि ‘रेंगनार दे, स्तान्नार वी हेम्मा’ म्हणजे पाऊस पडला तर आपण घरीच राहू. यात ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. पहिल्या तुकड्यात क्रियापद अगदी सुरुवातीला आलं म्हणून ती अट झाली. ती सगळी अट मिळून पुढच्या वाक्याचा पहिला घटक, म्हणून तिच्यामागे लगेच ‘स्तान्नार’ हे क्रियापद. ही रचना मला फार देखणी वाटते.

नियमाला एक प्रसिद्ध अपवाद आहे. ‘कानशे’ म्हणजे कदाचित. ‘कानशे हान कोम्मेर’ हे वाक्य बिनदिक्कत चालतं, क्रियापद तिसरं असूनही. हा शब्द ‘कान’ आणि ‘शे’ मिळून झालाय, मूळ अर्थ ‘घडू शकतं’. म्हणजे त्याच्या पोटातच एक जुनं क्रियापद आहे.

गौण वाक्यात चित्र पालटतं. आन्ना म्हणते की तिने पुस्तक वाचलेलं नाही : ‘आन्ना सेयेर आत् हून इन्ते हार लेस्त बूकेन’. मुख्य वाक्यात ‘हार इन्ते’ होतं, इथे ‘इन्ते हार’ झालं. ‘आत्’ हा आपला ‘की’. तो आला की कर्ता त्याच्या मागे, मग नकार, मग क्रियापद. स्वीडिश शिकवणारे यासाठी ‘बिफ’ हे आद्याक्षरांचं सूत्र पाठ करून घेतात : गौण वाक्यात ‘इन्ते’ काळदर्शक क्रियापदाच्या आधी. जर्मनसारखं क्रियापद वाक्याच्या टोकाला मात्र जात नाही. जर्मन येणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते.

‘इन्ते’ची ही छोटीशी अदलाबदल काम मोठं करते. वाक्य स्वतंत्र आहे की दुसऱ्यावर टेकलेलं, ते ऐकणाऱ्याला तिच्यावरून कळतं. याचा एक पुरावा मला विशेष बोलका वाटतो. लिखित स्वीडिशमध्ये गौण वाक्यातला ‘हार’ सर्रास गाळतात. ‘आत् हून इन्ते लेस्त बूकेन’ एवढंच छापलेलं दिसतं. मुख्य वाक्यात दुसऱ्या जागेवरचा ‘हार’ असा कधीच गाळता येत नाही. त्या जागेवर काहीतरी असलंच पाहिजे. गौण वाक्यात त्या जागेचा प्रश्नच नसतो, म्हणून तो जाऊ शकतो. शेजारच्या डॅनिशमध्ये ही गाळण्याची रीत नाही.

आइसलँडिकला ‘बिफ’ ठाऊक नाही. तिथे गौण वाक्यातही क्रियापद नकाराच्या आधीच येतं. जुनी स्वीडिशही तशीच होती. पुढे मुख्य भूमीवरच्या भाषांत क्रम बदलला. आइसलँडिकमध्ये मी, तू, आम्ही यांनुसार क्रियापदाची रूपं बदलतात. स्वीडिशमध्ये ‘याग एर, दू एर, वी एर’, सगळीकडे एकच रूप. अनेकवचनी रूपं छापील स्वीडिशमध्ये 1940 च्या दशकापर्यंत तग धरून होती, बोलण्यातून ती बरीच आधी गेली होती. रूपं झिजणं आणि गौण वाक्यातलं क्रियापद मागे राहणं यांचा संबंध अनेक अभ्यासकांनी लावलाय. त्यावर वाद आहेत, कारण काही बोलींत या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत.

‘इन्ते’च्या आसपास आणखी एक बारकावा आहे. मी आन्नाला पाहिलं नाही : ‘याग सोग इन्ते आन्ना’. मी तिला पाहिलं नाही : ‘याग सोग हेन्ने इन्ते’. नाम नकाराच्या मागे राहतं, आघातहीन सर्वनाम उडी मारून पुढे येतं. डॅनिशमध्ये तर ते पुढे यावंच लागतं. पण ‘मी तिला पाहिलेलं नाही’ म्हणायचं तर ‘याग हार इन्ते सेत्त हेन्ने’ असंच म्हणावं लागतं, ‘हेन्ने’ पुढे आणता येत नाही. मुख्य अर्थाचं क्रियापद स्वतः पुढे गेलं असेल तरच कर्माला पुढे जाता येतं. हे सूत्र आंदेर्स होल्मबेरी यांनी 1986 च्या प्रबंधात मांडलं आणि वाक्यविचाराच्या जगभरच्या अभ्यासात ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

क्रियापद दुसरं ठेवणाऱ्या भाषा जगात थोड्याच आहेत. बहुतेक जर्मानिक भाषांत हा नियम आहे. इंग्रजीतून तो गेला, ‘नेव्हर हॅव आय सीन’ अशा वळणांत त्याचे अवशेष दिसतात. आणि भारतात काश्मिरी. हिंदी, पंजाबी, मराठी क्रियापद शेवटी नेत असताना काश्मिरी ते दुसऱ्या जागेवर ठेवते. स्वीडिश शिकणाऱ्या काश्मिरी माणसाला ‘आज’नंतर लगेच क्रियापद आणायला आपल्याइतके कष्ट पडू नयेत.

स्वीडनमधल्या शहरांत हा नियम सामाजिक खूणही बनलाय. स्टॉकहोमच्या रिंकेबीसारख्या, अनेक देशांतून आलेल्या कुटुंबांच्या उपनगरांत वाढणारी मुलं कधीकधी ‘काल मी होतो’ या क्रमाने बोलतात. उल्ला-ब्रिट कोत्सिनास यांनी 1980 च्या दशकात या बोलीचा अभ्यास केला आणि तिला अर्धवट शिकलेली भाषा न मानता तरुणांची स्वतःची बोली मानलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. ही मुलं शाळेत क्रियापद बरोबर दुसऱ्या जागेवर ठेवतात आणि मित्रांत आल्यावर क्रम बदलतात. योनास हासेन खेमिरी यांच्या 2003 सालच्या पहिल्या कादंबरीचा निवेदक हालिम स्वीडनमध्येच वाढलेला आहे, प्रमाण भाषा त्याला येते. तरी तो आपली रोजनिशी मुद्दाम या ‘चुकीच्या’ क्रमात लिहितो. क्रियापद कुठे ठेवायचं हे त्याने स्वतः ठरवलेलं आहे, आणि वाचकाला पहिल्या पानापासून ते ऐकू येतं.

पुढच्या लेखांकात आइसलँडिकमधला चतुर्थीतला कर्ता घेऊ. ‘मला थंडी वाजते’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटणार नाही.