मानसशास्त्राचे दार आणि सीमाभागातील पदवीधर

निपाणीच्या वेशीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय ज्या अर्जुननगरात उभे आहे, ते अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात मोडते. घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, हा निपाणीकरांचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. तिकडे बेळगावची महाविद्यालये २०१० पर्यंत धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या छत्राखाली होती. त्यानंतर ती राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आली. या मुलखातील वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचा पदवीधर, चार वर्षे शाळेत वा बँकेत नोकरी केल्यावर, मानसशास्त्राकडे वळू म्हणतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच केला जातो : बी. ए. ला मानसशास्त्र होते काय? नसेल तर बहुतेक ठिकाणी संभाषण तेथेच संपते.

या प्रश्नापुढे खुद्द या शास्त्राचे संस्थापकही निरुत्तर झाले असते. १८७९ साली लाइपझिग येथे पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा उभारणारा विल्हेल्म वुंट हा शिक्षणाने वैद्य. अमेरिकेचा विल्यम जेम्सही वैद्यकाचाच पदवीधर. मानसशास्त्रावरील पहिले व्याख्यान आपण ऐकले ते आपलेच, असे तो गमतीने म्हणत असे. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस डॉक्टर म्हणून व्यवसायात असतानाच नव्याने सुरू झालेल्या एम. ए. च्या वर्गात जाऊन बसले आणि १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण सोसायटी स्थापन केली. अल्बर्ट एलिसची पहिली पदवी तर व्यापारविषयक होती. आणि गोमंतकीय वाचकांना आबे फारियाचे स्मरण आम्ही करून द्यावयास नको. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा धर्मशास्त्राचा विद्वान पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करी. निद्रा आणणारी शक्ती प्रयोगकर्त्याच्या हातात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते, हे त्याने ओळखले. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. त्याच्याकडेही कोणी बी. ए. चे गुणपत्रक मागितले नव्हते.

तथापि तो प्रश्न सर्वस्वी निरर्थक आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मानसशास्त्र म्हणजे माणसे ओळखण्याची हातोटी, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याची ज्याला सवय आहे, त्याला आपण अर्धे मानसशास्त्रज्ञ झालो असे वाटू लागते. प्रत्यक्षात या विषयात संख्याशास्त्र आहे, प्रयोगाची शिस्त आहे, मेंदूची रचना आहे, चाचणीची विश्वसनीयता तपासण्याचे किचकट काम आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र जड जात नाही, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोग नवा नसतो. साहित्याचा विद्यार्थी दोन्हींत अडखळतो, पण रोग्याची हकिगत लिहून घेण्यात तो दोघांना मागे टाकील. उणीव प्रत्येकाची निराळी असते, आणि ती सहा महिन्यांच्या पूरक अभ्यासाने भरून काढता येते. दार लावून घेण्याची गरज नाही.

उपचाराची गोष्ट मात्र वेगळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे हे ठरविले. मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि तीवर रोग्यांसमवेत देखरेखीखाली पूर्ण वेळ दोन वर्षांचे एम. फिल., अशी मुख्य वाट त्यात सांगितली आहे. हे कडक आहे आणि असावयासच हवे. महिनाभराचा वर्ग करून दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांची आज वाण नाही. त्यांच्या हाती कोणाचे मन सोपविण्यापेक्षा न सोपविलेले बरे.

परंतु या कडकपणाचा भार कोणावर पडतो तेही पाहिले पाहिजे. २०२४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्युत्तर अभ्यासाचा जो आराखडा काढला, त्यात प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या पदवीधराला शाखा बदलण्याची मुभा देण्यात आली. पुढच्याच वर्षी त्याच आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरशिक्षणाने वा ऑनलाईन शिकवू नयेत, असा आदेश दिला. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे मानसशास्त्राचे एम. ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुले होते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या निपाणीच्या शिक्षिकेला किंवा खानापूरच्या कारकुनाला खरोखर परवडणारे दार तेच. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले, ते असे. प्रत्यक्ष अनुभवावाचून हा विषय शिकता येत नाही, हा आयोगाचा मुद्दा आम्हांस मान्य आहे. पण मग तो अनुभव घराजवळ मिळण्याची सोय कोणी करावयाची?

सीमाभागात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण मनाचे दुखणे मातृभाषेतच सांगितले जाते. निपाणीत विड्या वळणारी बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे कधी म्हणणार नाही. डोके भणभणते, जीव घाबरा होतो, काळीज जाग्यावर नाही, असे ती म्हणेल. हे शब्द कन्नड किंवा इंग्रजी अर्जात उतरविताना त्यांतले निम्मे सांडते. उलट तिच्या शेजारणीला आपले दुःख कन्नडमध्येच सांगता येते. दोन्ही भाषा घरच्या असलेला माणूस येथे गल्लोगल्ली सापडतो, आणि तोच या कामाला सर्वांत लायक. हे आम्ही नव्याने सांगतो आहोत असे नाही. १९३४ साली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे भारतीय रूप प्रसिद्ध केले, ते कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी. बिने-कामत चाचणी या नावाने ती देशभर वापरली गेली. सीमेवरून भांडणे सुरू होण्याच्या कितीतरी आधी या प्रदेशाच्या द्विभाषिकत्वाचे शास्त्रीय मोल एकाने असे जाणले होते.

गरज किती आहे हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखविले. प्रौढांपैकी दर शंभरात सुमारे दहा-अकरा जणांना त्या वेळी मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत शेकडा ७० पासून ९२ पर्यंत रोगी उपचारावाचून राहत होते. असे असता माणसे शिकावयास तयार आहेत आणि आपण त्यांना परत पाठवीत आहोत.

बेळगाव, कोल्हापूर आणि धारवाड येथील विद्यापीठांनी मिळून अन्य शाखांच्या पदवीधरांसाठी शनिवार-रविवारचा पूरक वर्ग बेळगावात चालवावा, आणि एकाने दिलेले गुण दुसऱ्याने बिनतक्रार मान्य करावेत. प्रात्यक्षिकासाठी धारवाडची डिम्हान्स संस्था महामार्गावर दोन तासांच्या आत आहे. गोव्यालाही यात स्वार्थ आहे. वास्कोच्या मजूर वस्त्यांतून बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत येणाऱ्या कानडी रोग्याशी त्याच्या भाषेत बोलणारा आणि कुडाळच्या रोग्याशी मराठीत बोलणारा एकच माणूस मिळाला तर तो कोणास नको आहे? बांबोळीने अशा विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी दोन-चार जागा राखल्या तरी आरंभ होईल. पुढील शैक्षणिक वर्षाचे अर्ज निघण्यापूर्वी हा निर्णय व्हावयास हवा.