व्यापारी संकुलांतील आपत्कालीन दिवे : पर्यायी विजेची निवड कशी करावी?

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील गावांतून लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी, दवाखान्यासाठी किंवा मुलांच्या शिक्षणाच्या कामासाठी शहरात जाणारा माणूस आज बहुमजली व्यापारी संकुलात शिरतो. (गुलबर्ग्याचे नाव २०१४ साली अधिकृतपणे कलबुर्गी झाले असले तरी मराठी घरांतून जुनेच नाव अजून ऐकू येते.) त्या इमारतीचे जिने व बाहेर पडण्याची दारे त्याच्या परिचयाची नसतात. वीज गेली तर दुकानदार सवयीने वाट काढील. भालकीहून अथवा आळंदहून आलेल्या कुटुंबाने काय करावे? आपत्कालीन दिव्यांची योजना मुख्यत्वे अशा अनोळखी माणसासाठी असते.

या दिव्यांचे मोल किती, हे दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या दुर्घटनेने दाखवून दिले. १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरील रोहित्राला आग लागली, धूर सज्जात शिरला आणि दिवे गेले. पर्यायी दिव्यांची सोय नव्हती. बाहेर पडण्याच्या वाटाही अडलेल्या होत्या. ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुतेकांचा अंत गुदमरून झाला.

नियम काय सांगतो?

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार नेहमीचा पुरवठा खंडित झाल्यापासून पाच सेकंदांच्या आत हे दिवे लागले पाहिजेत, ते किमान दीड तास चालले पाहिजेत आणि त्यांची वीज नेहमीच्या पुरवठ्याहून स्वतंत्र असली पाहिजे. या तीन कसोट्यांवर प्रत्येक साधन पारखून घ्यावे.

डिझेलवरील जनित्र हे पहिले साधन. उद्वाहन व पाण्याचे पंप चालविण्यास ते आवश्यकच आहे. परंतु ते सुरू होऊन भार घेईपर्यंत बहुधा दहा-पंधरा सेकंद जातात आणि घाबरलेल्या जमावाला जिन्यावर तेवढे सेकंद फार होतात. शिवाय एखाद्या मजल्याचाच फ्यूज उडाला तर मुख्य पुरवठा चालू असल्यामुळे जनित्र सुरूच होत नाही. म्हणून जनित्र असले तरी दिव्यांना विद्युतघटांचा, म्हणजे बॅटरीचा, आधार हवाच. आणि ते दिवे त्या-त्या मजल्यावरील वीज जाताच लागतील अशी जोडणी हवी.

दुकानातील इन्व्हर्टर पुरेसा आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. हा इन्व्हर्टर वीज गेल्यावर पंखे चालवितो, बिलाचे यंत्र चालवितो. दुपारभर वीज नसेल तर संध्याकाळी त्याची बॅटरी रिकामी झालेली असते आणि नेमकी त्याच वेळी आग लागली तर दिवा लागत नाही. आपत्कालीन दिव्यांची बॅटरी दुसऱ्या कोणत्याही कामास लावू नये. छतावरील सौर पट्ट्यांविषयीही असाच गैरसमज आहे. बॅटरीविना थेट वीजवाहिनीला जोडलेली सौरयंत्रणा वाहिनीतील वीज जाताच, दुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी, आपोआप बंद पडते. भर उन्हातही तिचा उपयोग होत नाही.

घट कोणते, किती?

लहान संकुलात प्रत्येक दिव्यात स्वतःची छोटी बॅटरी असणे सोयीचे. तार जळाली तरी दिवा चालतो. मोठ्या इमारतीत असे शेकडो दिवे तपासणे जिकिरीचे होते. तेथे एकत्र घटांची स्वतंत्र खोली बरी, मात्र तिच्यापासून निघणाऱ्या तारा आगीत टिकणाऱ्या असाव्यात आणि खोलीत हवा खेळती असावी, कारण शिसे-आम्लाचे घट भारित होताना हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो.

या भागातील उन्हाळा हा निवडीतील सर्वांत मोठा मुद्दा होय. पारा ४० अंशांच्या वर जातो. शिसे-आम्लाच्या घटाचे आयुष्य २५ अंशांवरील दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेली स्वस्त बॅटरी म्हणूनच महाग पडते. लोह-फॉस्फेट जातीचे लिथियम घट उष्णता अधिक सोसतात. किंमत आरंभी जास्त, पण बदलण्याचा खर्च कमी.

आकारमानाचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. पाच वॅटचे १०० दिवे म्हणजे ५०० वॅट. दीड तासास ७५० वॅट-तास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, तेव्हा हा आकडा दुप्पट वाटेल. पण इन्व्हर्टरमधील घट, जलद उपशामुळे कमी मिळणारी वीज आणि जुनेपणा वजा जाता शिसे-आम्लाची तीच बॅटरी जेमतेम पुरते.

बसविल्यानंतरची तपासणी बहुतेक ठिकाणी राहून जाते. महिन्यातून एकदा प्रत्येक मजल्याची दिव्यांची वीज तोडून दिवे लागतात की नाही ते पाहावे व नोंदवहीत लिहावे. दीड तासाची पूर्ण चाचणी वर्षातून एकदा, बाजार बंद असलेल्या दिवशी घ्यावी. रिकामे झालेले घट पुन्हा भरण्यास एक दिवसापर्यंत वेळ लागू शकतो आणि तोवर इमारतीत गिऱ्हाईक नसावे.