भिंतीत नवे दार काढताना: करवतीची योग्य निवड

शाळेच्या दोन खोल्या जोडणारे दार काढणे किंवा ग्रामपंचायत कार्यालयास नवी खिडकी बसविणे ही कामे लहान वाटतात. तथापि छिन्नी-हातोड्याच्या घावांनी जुन्या भिंतीचे सांधे खिळखिळे होतात. म्हणून अशा कामी हिऱ्याचे कण बसविलेल्या पात्याची यांत्रिक करवत वापरणे हितावह ठरते.

करवत निवडताना प्रथम भिंतीची जाडी पाहावी. गोल पाते आपल्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी खोल जाते. ३५० मिलिमीटर व्यासाच्या पात्याने सुमारे १२५ मिलिमीटर खोल काप मिळतो. त्यामुळे २३० मिलिमीटर जाडीची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी अचूक आखून कापावी लागते. जाड काँक्रीटसाठी भिंतीवर बसविलेल्या रुळावरून चालणारी करवत योग्य होय.

गोल पात्याने कोपरा पूर्ण कापू गेल्यास काप आखणीबाहेर जातो आणि काँक्रीटमधील नको त्या सळया तुटतात. तेथे कोपऱ्यांवर आधी गोल छिद्रे पाडावीत किंवा तेवढ्यापुरती साखळी-करवत वापरावी.

कोरड्या कापणीतील सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. म्हणून पात्यावर पाण्याची धार व कारागिरास योग्य मुखपट्टी हवी. पेट्रोलवर चालणारी करवत बंद खोलीत वापरू नये; तिचा धूर प्राणघातक ठरू शकतो.

मात्र कोणतीही करवत वरचा भार पेलत नाही. अभियंत्याच्या सल्ल्याने टेकू देऊन लिंटल बसविल्याखेरीज भिंतीचा भाग काढू नये. दार चार दिवस उशिरा झाले तरी चालेल. छत सुरक्षित राहिले पाहिजे.